चढणीचे मासे आणि आमची नोंदवही



मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आपल्या ओढ्याला गढूळ पाणी येते. त्या पाण्यात मासे उलटे चालतात. पाणी खाली तलावाकडे जाते आणि मासे तलावातून वर येतात. यांना चढणीचे मासे म्हणतात. मला आधी वाटायचे की नवीन पाणी आले म्हणून मासे खुशीत येऊन खेळतात. पण तसे नसते. ते अंडी घालायला जागा शोधत असतात. हे मला यंदा चौथीत आल्यावर कळले. आम्ही ओढ्यावर जाऊन माशांची मोजणी केली व नोंदवही लिहिली. तिची माहिती या लेखात देत आहे. त्याआधी गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगतो.

गेल्या वर्षीची मरळ

गेल्या वर्षी मी तिसरीत होतो. तलावाच्या काठाला पाणकणसाजवळ मला पाण्यावर तांबडे तांबडे काहीतरी हललेले दिसले. ताटाएवढे असेल. नीट पाहिले तर ती बारीक पिले होती. शेकडो असतील. सगळी मिळून एकदम वर यायची, तोंड बाहेर काढायची आणि एकदम खाली जायची. मी पळत जाऊन माझ्या चुलतभावाला सांगितले. आम्ही त्याला दादा म्हणतो. दादा म्हणाला, "अरे, ही मरळीची पिल्लं हायती. खाली मोठी मरळ असतीया बघ."

दादाने गळाला लहान बेडूक लावला आणि बरोबर त्या पिलांच्या मध्ये सोडला. दोनदा सोडला. तिसऱ्यांदा मरळीने जोरात तोंड मारले. मरळ चांगली हातभर होती. घरी कालवण झाले. मीपण खाल्ले. सगळे म्हणाले, पोराची नजर चांगली आहे.

दुसऱ्या दिवशी मी पिले बघायला गेलो. घोळका निम्मा झाला होता. खंड्या पक्षी सारखा सूर मारत होता. तिसऱ्या दिवशी तिथे काहीच नव्हते.

यंदा बाईंनी आम्हाला मरळीची माहिती सांगितली. मरळ गवतात जागा साफ करते व तिथे अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात. ती फुटून पिले निघाली की आईबाप कित्येक दिवस पिलांच्या खाली पोहत राखण करतात. दुसरा मासा जवळ आला की त्याच्या अंगावर जातात. म्हणजे ती मरळ बेडूक खायला आली नव्हती. पिलांमध्ये कोण शिरले आहे त्याला हाकलायला आली होती. हे ऐकल्यावर मला लई वाईट वाटले. कारण जागा मीच दाखवली होती. मी वर्गात ही गोष्ट सांगितली. मग बाई म्हणाल्या, "तुझी नजर चांगली आहे ना? मग यंदा त्या नजरेने मोजायचे."

मासे वर का चढतात

तलावाच्या खोल पाण्यात मोठे मासे असतात. ते अंडी आणि पिले खाऊन टाकतात. पावसात ओढ्याच्या कडेचे गवत पाण्याखाली जाते. तिथे पाणी उथळ असते, मोठे मासे फारसे येत नाहीत, आणि पिलांना खायला बारीक किडे मिळतात. म्हणून लहान मासे तिकडे जातात. नवीन पाणी गार असते आणि वाहते असते. त्यावरून माशांना वेळ झाली असे समजते.

सगळे मासे सारख्या जागी अंडी घालत नाहीत. आम्ही वर्गात असा तक्ता केला आहे :

१. बोटाएवढे चंदेरी मासे : यांची अंडी चिकट असतात. ती पाण्यातल्या गवताला व मुळांना चिकटतात.

२. मरळ : गवताच्या मधल्या शांत पाण्यात. अंडी तरंगतात. आईबाप राखण करतात.

३. कटला, रोहू, मृगळ : हे नदीच्या वाहत्या पुरात अंडी घालतात. तळ्याच्या साठलेल्या पाण्यात राहतात, वाढतात, पण आपणहून अंडी घालत नाहीत. एक किलोच्या रोहू मादीच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असतात.

४. महाशीर : हा डोंगरातल्या स्वच्छ वाहत्या नदीत गोट्या-वाळूवर अंडी घालतो. याची अंडी कमी असतात. किलोमागे काही हजारच.

५. चिलापी : हा मूळचा आफ्रिकेतला मासा. १९५२ साली भारतात आणला. नर तळाला खड्डा करतो. मादी अंडी तोंडात धरून ठेवते. याला वाहते पाणी लागत नाही, म्हणून हा कुठल्याही तळ्यात वाढतो.

या तक्त्यावरून कळेल की चिलापीला ओढ्याची गरज नाही. पण गवतात अंडी घालणाऱ्या माशांना आहे. ओढ्याची वाट बंद झाली तर हे मासे कमी होतील आणि चिलापी राहील.

आम्ही मोजणी कशी केली

ओढ्यावर आपली फरशी आहे. फरशीवर उभे राहिले की खालचे आणि वरचे दोन्हीकडचे पाणी दिसते. म्हणून आम्ही ती जागा घेतली. एक काठी घेऊन तिच्यावर वीतभर अंतराने तांबड्या रंगाच्या खुणा केल्या व ती गुरुजींनी कडेला ठोकली. पाणी किती खुणा आहे ते तिच्यावर पाहायचे.

आमचे नियम असे होते :

रोज सकाळी शाळेच्या आधी, एकाच वेळी जायचे. दहा मिनिटे मोजायचे, जास्त नाही आणि कमी नाही. दोघांनी मोजायचे आणि एकाने घड्याळ बघायचे. पाण्यात उतरायचे नाही, कारण पायाखाली अंडी चिरडतात. मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय जायचे नाही. पाणी फरशीवरून वाहत असेल तर लांबूनच परत यायचे. माशाचे नाव माहीत नसेल तर अंदाजाने लिहायचे नाही, चित्र काढायचे. आमच्याकडे बारक्या माशाला कोणी काही म्हणते, कोणी काही. माझी आज्जी तर कानडीत नुसते "मीनू" म्हणते.

आणखी एक नियम बाईंनी सांगितला. मासा नसेल तर शून्य लिहायचे. पण पाणी फार गढूळ असेल आणि दिसतच नसेल तर शून्य लिहायचे नाही. "दिसले नाही" असे लिहायचे. कारण नसणे आणि न दिसणे वेगळे आहे.

दहा मिनिटांची मोजणी आम्ही शोधलेली नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हेरिंग नावाचे मासे दर वसंत ऋतूत समुद्रातून नदीत चढतात. तिथले साधे लोक पाळी लावून नदीकाठी उभे राहतात व दहा दहा मिनिटे मासे मोजून लिहून ठेवतात. बाईंनी हे सांगितले तेव्हा आम्ही म्हणालो की आपणपण करू.

नोंदवहीतले सहा दिवस

पहिला दिवस. पाणी दोन खुणा. फरशीच्या खाली १४ मासे, वर ०.

दुसरा दिवस. पाणी उतरले, एक खूण. खाली ३१, वर ०.

तिसरा दिवस. रविवार. पाणी एक खूण. खाली ५, वर ०. लोक मच्छरदाणीचे कापड लावून मासे धरत होते.

चौथा दिवस. रात्री मोठा पाऊस. पाणी चार खुणा. दिसले नाही.

पाचवा दिवस. पाणी तीन खुणा, थोडे निवळले. खाली ११, वर ९.

सहावा दिवस. पाणी तीन खुणा. खाली ८, वर १२. वरच्या गवताला अंडी सापडली.

अंडी मोहरीपेक्षा बारीक होती. काचेसारखी आणि मध्ये ठिपका. बाईंनी गवताची एकच काडी काठावरून हळूच वर धरली, आम्ही भिंगातून पाहिले, आणि परत होती तशी सोडली. दुसऱ्या दिवशी तिथे अंडी नव्हती. पाण्यात केसाएवढे काहीतरी हलत होते. मित्र म्हणाला, डासाच्या अळ्या आहेत. पण डासाची अळी डोके खाली करून पाण्याच्या वर लटकते. हे खाली गवताला धरून होते आणि त्यांना दोन काळे डोळे होते. ती माशांची पिले होती. आम्ही सगळे एकदम ओरडलो.

वहीतून काय कळले

बाईंनी फळ्यावर सहा दिवसांचे आकडे लिहिले आणि विचारले, "काय दिसते?" आधी कोणालाच सांगता आले नाही. मग एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "पाणी तीन खुणा झाल्याशिवाय मासे फरशीच्या वर येत नाहीत."

हे अगदी बरोबर होते. फरशीच्या खाली पाण्याने माती वाहून जाऊन खड्डा पडला आहे. पाणी कमी असले की तिथे दोन वितीची पायरी तयार होते. मासे तिथपर्यंत येतात, उड्या मारतात आणि परत पडतात. अंडी गवतात घालायची असतात आणि गवत वर आहे. म्हणून सगळे मासे त्या खड्ड्यात गोळा होतात. आणि लोकही तिथेच कापड लावतात, कारण तिथे कष्ट न करता मासे मिळतात. दुसऱ्या दिवशी ३१ मासे होते आणि तिसऱ्या दिवशी ५ राहिले. मधे पाऊसही नव्हता आणि मासे वरही गेले नव्हते. ते कुठे गेले ते तुम्हीच ओळखा.

मोठ्या नद्यांवरही अशीच पायरी असते, फक्त फार मोठी. आपल्या जिल्ह्यात भीमा नदीवर उजनी धरण आहे. ते १९८० साली पूर्ण झाले. त्याचे पाणी आपल्या जिल्ह्याला मिळते. पण एवढी उंच भिंत मासा चढू शकत नाही. आपली फरशी मात्र लहान आहे. तिच्या खाली दगड उताराने रचले तर पाणी पायरीवरून न पडता उतारावरून वाहील आणि मासे चढतील. गुरुजी म्हणाले की हे काम उन्हाळ्यात ओढा कोरडा असताना होऊ शकते.

दुसरीकडचे लोक काय करतात

रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणा नदीवर महादेवाचे देऊळ आहे. या दोन्ही ठिकाणी लोक देवाचे मासे म्हणून मासे धरत नाहीत. गावचे लोकच राखण करतात. वाळण कोंडीतले मासे महाशीर आहेत. इतर नद्यांत महाशीर कमी झाला, पण असल्या डोहांत तो राहिला.

गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत ढिवर समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तलावात मासेमारी करतात. तिथल्या जुन्या तलावांना मालगुजारी तलाव म्हणतात. काही तलावांत बेशरमचे झुडूप माजले होते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर लोक यांनी मिळून ते उपटले व पूर्वीच्या पाणवनस्पती परत लावल्या. कारण माशांना अंडी घालायला आणि पिलांना लपायला त्याच वनस्पती लागतात. यावरून कळते की मासे धरून पोट भरणारे लोकच माशांच्या जागा सगळ्यांत जास्त ओळखतात.

समुद्रातसुद्धा महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. आणि नदीत-तळ्यात सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारू नयेत असा कायदा १८९७ सालीच झाला आहे.

आपल्या माशांची नावे जगात

ही गोष्ट मला सगळ्यांत आवडली. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची माहिती लिहिली. ती १८३९ साली छापली गेली. भीमेच्या खोऱ्यातल्या नद्यांतले मासे तिच्यात आहेत. त्याने माशांना शास्त्रीय नावे देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावेच घेतली. शिंगटी, शिंगाळा, कोळस ही नावे थोडी बदलून आजही जगातल्या शास्त्राच्या पुस्तकांत आहेत. महाशीराच्या आपल्याकडच्या जातीलाही त्याने दिलेले खुडरी हेच नाव आहे. साइक्सला ही नावे माहीत नव्हती. नदीकाठच्या लोकांना माहीत होती.

पुढे १९७० च्या सुमारास सी. व्ही. कुलकर्णी या मत्स्यशास्त्रज्ञांनी हा महाशीर अंडी कशी घालतो याचा अभ्यास केला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात महाशीराची पिले तयार करून नद्या-तलावांत सोडू लागले.

"बीज आणून सोडले की झाले!"

एक माणूस आम्हाला म्हणाला, "मासे संपले तर सरकार बीज देतंय की. मोजत कशाला बसताय?" आम्हाला उत्तर आले नाही. मग बाईंना विचारले.

पूर्वी कटला, रोहू यांचे बीज पुराच्या वेळी नदीतूनच धरून आणावे लागे. १० जुलै १९५७ या दिवशी ओडिशात हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञांनी माशांना इंजेक्शन देऊन साठलेल्या पाण्यात अंडी घालायला लावली. त्यामुळे आज बीज विकत मिळते. १० जुलै हा दिवस म्हणूनच राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे. नुकत्याच निघालेल्या पिलांना मत्स्यजिरे म्हणतात, आणि ती बोटाएवढी झाली की बोटुकली म्हणतात.

हे फार मोठे काम आहे. पण तलावात सोडायला आणतात ते बीज बहुतेक कटला, रोहू आणि मृगळ यांचे असते. आपल्या ओढ्यातल्या बोटाएवढ्या चंदेरी माशांचे बीज कोणी विकत नाही. त्यांचा कारखाना म्हणजे फरशीच्या वरचे गवत. तो आपणच राखायला पाहिजे.

आमचे म्हणणे

मासे खाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. आमच्या घरी मासे खातात. ज्यांचे पोट मासेमारीवर आहे त्यांनी काय करावे, असेही कोणी विचारेल. पण पोट भरणारे लोक तलावात जाळी टाकतात. फरशीखाली कापड लावणारे बहुतेक आमच्यासारखेच हौशी असतात. एक मासा पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात धरला तर त्याच्याबरोबर पोटातली सगळी अंडी जातात. तोच मासा गणपतीनंतर धरला तर त्याची पिले मागे राहतात. म्हणून आम्ही एवढेच मागतो : ओढा वाहू लागल्यावर पंधरा दिवस फरशीखाली मासे धरू नका. तांबड्या पिलांच्या घोळक्यात गळ टाकू नका. आणि पुढच्या मिरगाच्या आधी फरशीखाली दगड रचायला या.

आता दादाचे सांगतो. मी सकाळी मोजायला निघालो की तो हसायचा. "काय बे, मासे मोजालायस? मोजून कुणाचं पोट भरलंय का?" असे म्हणायचा. जुलैमध्ये मला तलावाच्या कडेला परत एकदा तांबडा घोळका दिसला. सांगावे की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. मग त्याला घेऊन गेलो, पण आधी मरळीची सगळी माहिती सांगितली. त्याच्या हातात गळ होता. तो बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. पिले वर आली, खाली गेली. मग म्हणाला, "बरं, मोठी झाल्यावर येतो मग." मी वहीत तारीख लिहिली. त्यानंतर अकरा दिवस घोळका तिथेच होता. रोज थोडा मोठा आणि थोडा कमी तांबडा. बाराव्या दिवशी पिले पांगली होती. त्या दिवशी मी वहीत "पांगली" असे लिहिले.

पुढच्या वर्षी मी पाचवीत जाणार. नोंदवही वर्गाच्या कपाटात ठेवली आहे. यंदाचे तिसरीतले विद्यार्थी तेव्हा चौथीत येतील. त्यांनी ती पुढे चालवावी. एका वर्षाच्या आकड्यांवरून मासे वाढले की घटले हे कळत नाही. त्याला बरीच वर्षे लागतात.

स्वाध्याय

१. शून्य आणि "दिसले नाही" यांत काय फरक आहे?

२. चिलापीला ओढ्याची गरज का नाही?

३. पाणी दोन खुणा असताना मासे फरशीच्या वर का गेले नाहीत?

४. तुमच्या घरच्या वडील माणसांना विचारा : त्यांच्या लहानपणी ओढ्यात कोणते मासे होते? नावे, कानडीतली असली तरी, लिहून आणा व नोंदवहीच्या शेवटच्या पानावर चिकटवा.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी, होटगी